रविवारचा पिवळा ठिपका

रविवारी संध्याकाळी सहाच्या आत तक्ता गेला नाही की निए मॅडमचा फोन यायचा, आणि तो फोन आपल्याला यावा असं चीनमधल्या नानछांगच्या त्या कॉलेजात एकाही मुलीला वाटत नसे. म्हणून सूछिन साडेपाचलाच आपल्या वरच्या पलंगावर चढायची, गार पडलेले पाय रजईत खुपसायची आणि वर्गातल्या अठ्ठावीस मुलींची नावं फोनवर एकेक करून उघडायची. झोप कशी, जेवण कसं, खोलीतल्या मुलींशी कसं, मन कसं. शेवटी नावापुढे एक ठिपका. हिरवा म्हणजे सगळं ठीक. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. लाल म्हणजे आईवडिलांना बोलवा आणि मुलीला वर्षभर घरी पाठवा. ओळीने दोन रविवार पिवळा आला तर तो लालच धरायचा, असा नियम होता.

प्रत्येक वर्गात असा तक्ता भरणारं कुणीतरी असतंच. कागदावर त्याचं नाव मनःस्वास्थ्य प्रतिनिधी. मुली म्हणायच्या मनाची मॉनिटर. सूछिनला हे पद मिळालं ते काही तिला माणसांच्या मनातलं कळतं म्हणून नव्हे. निए मॅडम शिकवत नसत. शिकणं सोडून मुलींचं बाकी जे जे काही असतं, राहणं, वागणं, आजारपण, भांडणं, ते सगळं त्यांच्या गळ्यात होतं. पहिल्या वर्षी त्यांनी वर्गावरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाल्या, ही बोलत नाही, म्हणजे ऐकत असणार. हिचा स्वभावच शांत आहे. झालं, नेमणूक झाली.

चौदा महिन्यांत सूछिनने हिरव्याखेरीज दुसरा ठिपका कधी दिला नाही. एकीचे आजोबा गेले, हिरवा. एकीचं प्रेम मोडलं आणि ती आठवडाभर डोळे सुजवून फिरली, तरी हिरवा. कशाला उगाच कुणाच्या अन्नात माती कालवा?

आणि मग नोव्हेंबरातल्या एका रविवारी जिंगवेन शिडीच्या दोन पायऱ्या चढून तिच्या उशाशी येऊन उभी राहिली.

चारशे बारा नंबरच्या खोलीत सहाजणी राहायच्या, आणि तिकडच्या वसतिगृहांतल्या रीतीप्रमाणे वयाच्या क्रमाने एकमेकींना हाक मारायच्या. जिंगवेन सगळ्यांत मोठी, म्हणून ती थोरली. मग दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी, आणि शेवटची सूछिन, धाकटी. थोरली याच शहरातली, मुख्याध्यापकाची मुलगी, विद्यार्थी संघात पदाधिकारी, बोलायला चटपटीत. ती हसली की खोली हसायची. ती गप्प झाली की खोलीतल्या मुली कपाटाची दारंसुद्धा हळू लावायच्या.

"धाकटे, तिसरीचं काय लिहिते आहेस?" जिंगवेनने विचारलं.

"नेहमीचंच."

"म्हणजे हिरवा? डोळे फुटलेत का तुझे? दिवसभर पडदा ओढून बसते. कुणाशी अवाक्षर बोलत नाही. संध्याकाळी दीड-दीड तास कुठे जाते ते तिलाच ठाऊक. उद्या काही बरंवाईट झालं ना, तर सगळ्यांत आधी तुझा तक्ता उघडतील. तिथे हिरवा ठिपका असेल आणि खाली तुझं नाव."

ती दरडावत नव्हती. तिचा आवाज हळू होता, आणि शिडीच्या दांड्यावरचा तिचा हात गच्च आवळलेला होता. सूछिनला ते दिसलं. थोरली घाबरली होती, खरोखरची घाबरली होती, आणि म्हणूनच तिला नाही म्हणणं आणखी अवघड होतं.

तिसरी म्हणजे ख्वांग लान. हूनान प्रांतातल्या एका कोळशाच्या खाणीच्या गावातली. पहिल्या वर्षी आली तेव्हा खोलीत सगळ्यांत मोठा आवाज तिचा होता. खानावळीतलं मांस आंबलं असेल तर वाढणाऱ्या बाईच्या तोंडावर सांगायची, आणि ती बाईही काय कोण जाणे, तिलाच एक तुकडा जास्त वाढायची. तिचं हसणं जिन्यापर्यंत ऐकू जायचं. मग जून महिना आला आणि लानने ती चूक केली.

सहामाही संपताना खोलीतल्या प्रत्येकीने बाकीच्या पाचजणींना वागणुकीचे दहापैकी गुण द्यायचे आणि सोबत एका ओळीचं कारण लिहायचं असतं. ते गुण वर्षाच्या निकालात धरतात. आता या गुणांचं काय करायचं ते सगळ्या कॉलेजला पाठ आहे: सगळ्यांनी सगळ्यांना दहा द्यायचे, कारणात लिहायचं 'मनमिळाऊ, मदतीला तत्पर', आणि वर्ष आनंदात संपवायचं. अळीमिळी गुपचिळी. थोरलीने तसं बजावलंही होतं. लानने कागद घेतला, पेनाचं टोपण चावत बसली, आणि खरेच गुण दिले. थोरलीला आठ: 'जीव लावते, पण आपलंच खरं करते.' दुसरीला सात. कुणालाच दहा नाही. चारशे बाराची सरासरी घसरली, दारावरची 'आदर्श खोली'ची पाटी शेजारच्या चारशे तेराला गेली, आणि थोरलीचा वर्गातला तिसरा नंबर पाव गुणाने हुकला. पुढे एम.ए.ला परीक्षेशिवाय प्रवेश मिळतो तो पहिल्या तिघांना. त्यामुळे तो पाव गुण काही साधा नव्हता. लानला जाब विचारला तेव्हा ती अगदी गोंधळून म्हणाली, "वागणुकीचे गुण द्या म्हणाले, म्हणून वागणुकीचे दिले."

सूछिनला तिने सहा दिले होते. सगळ्यांत कमी. कारण: 'पटलं नाही तरी मान डोलावते.'

त्यानंतर भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, एकदाचा सोक्षमोक्ष लागला असता. सप्टेंबरात मुली परत आल्या तेव्हा फोनवर एक नवा गट तयार होता, 'आपण पाचजणी', आणि चारशे बाराच्या जुन्या गटात नंतर कुणी काही लिहिलंच नाही. थोरली दारात उभी राहून हाक मारायची, "दुसरी, चौथी, पाचवी, धाकटी, चला जेवायला," आणि मधला आकडा गाळताना तिची जीभ जराही अडखळत नसे. शेवयांचे पाच वाडगे मागवले जायचे. लान बोलली की कुणी फोन बघायचं, कुणी केस विंचरायचं. दोन आठवडे ती बोलत राहिली. मग तिने प्रश्न विचारायचे सोडले, मग हसायचं सोडलं, मग बाजारातून निळा पडदा आणून पलंगाला लावला. आणि पडदा लागल्यावर पाचही जणी एकमेकींना म्हणाल्या, बघा, आहेच मुळी विचित्र.

सूछिन काय करत होती? ती मान डोलावत होती. पहिल्या वर्षी तीही बोलायला गेली होती. चहाच्या मळ्यांच्या गावातली पोर ती; या डोंगरावरून त्या डोंगरावरच्या आत्याला हाक मारायची तर छाती भरून ओरडावं लागतं. इथे पहिल्याच आठवड्यात थोरलीने तिच्या गावंढळ उच्चारांची अशी काही नक्कल केली की खोली लोळून हसली, आणि सूछिनही हसली, ओठ मिटून. तेव्हापासून तिचं हसणं ते तेवढंच. कानाला खडा लावला तिने. लोक म्हणतात स्वभाव शांत आहे, तर असेल बापडा.

थोरली शिडीवरून हलली नव्हती. सहाला पाच मिनिटं होती.

"लाल दे असं कुठे म्हणते मी?" थोरली म्हणाली. "पिवळा दे. पिवळा म्हणजे नुसतं लक्ष ठेवा."

सूछिनने लानच्या नावापुढे पिवळा ठिपका दिला. बोट टेकवताना तिला दिसलं ते थोरलीचं तोंड नव्हतं. तिला ते सहा गुण दिसले. खोटं कशाला बोला, त्या क्षणी तिला आत कुठेतरी बरं वाटलं.

मंगळवारी निए मॅडमनी लानला बोलावलं आणि प्रश्नावली पुढे ठेवली. कधी कधी सगळं सोडून निघून जावंसं वाटतं का? रडू येतं का? आपण कुणालाच नकोसे आहोत असं वाटतं का? या प्रश्नावलीचीही उत्तरं सगळ्यांना पाठ असतात. वरच्या वर्गातल्या मुली पहिल्याच दिवशी सांगतात, सगळीकडे 'कधीच नाही' लिहायचं आणि बाहेर पडायचं. लानने लिहिलं: कधी कधी. हो. हो. गुणांच्या वेळी भोगलं ते पुरे नव्हतं की काय या पोरीला!

पुढच्या रविवारी पुन्हा साडेपाच वाजले. पुन्हा हिरवा द्यायचा तर सुधारणा काय दिसली ते लिहावं लागत होतं. थोरली या वेळी शिडीवर चढली नाही. ती खाली खुर्चीवर बसून संत्रं सोलत होती आणि वर बघतसुद्धा नव्हती. सूछिनने तीनदा 'सुधारणा'चा रकाना उघडला आणि तीनदा बंद केला. समोर निळा पडदा होता, पडद्यामागे पान उलटल्याचा आवाज येत होता. पाच हातांवर बसलेली मुलगी, आणि तिचं मन कसं आहे हे हिला फोनमध्ये भरायचं होतं. हाक मारून विचारावं, एवढं साधं तिच्या मनात आलं. पण मग थोरलीने वर बघितलं असतं.

तिने पिवळा दिला आणि तक्ता पाठवला. दोन पिवळे, म्हणजे लाल. नियम तिला पाठ होता, कुणी सांगायची गरज नव्हती.

सोमवारी निए मॅडमचा निरोप आला. लानच्या आईला कळवलं आहे, बुधवारी येतील, वर्षभराच्या विश्रांतीच्या कागदावर सही करतील. खोलीतून थोरली, दुसरी आणि प्रतिनिधी म्हणून सूछिन, तिघींनी हजर राहून काय पाहिलं ते सांगायचं. खाणीच्या गावातली मुलगी वर्षभर घरी बसली म्हणजे कुठल्यातरी दुकानात उभी राहणार, लग्नाचं बघायला लागणार आणि परत येणार नाही, हे निए मॅडमना माहीत नसेल, पण सूछिनला माहीत होतं. तिच्या गावातल्या दोघी तशाच राहिल्या होत्या.

मंगळवारी संध्याकाळी लान थर्मास उचलून नेहमीसारखी बाहेर पडली आणि सूछिन आपला थर्मास घेऊन तिच्या मागे निघाली. काय बघायचं होतं तिला? तळं, गच्ची, असलं काहीतरी वाईट मनात घेऊनच ती चालत होती, आणि हातातला रिकामा थर्मास मांडीवर आपटत होता.

लान गेली ती बंबखान्यात. कॉलेजच्या मागच्या भिंतीला लागून गरम पाण्याच्या नळांची रांग आहे, मुली सकाळ-संध्याकाळ तिथे पाणी भरतात, आणि मागच्या खोलीत बंब सांभाळणारी तंग काकू राहते. सूछिन नळाशी उभी राहिली आणि तिला आतून हसणं ऐकू आलं. जिन्यापर्यंत ऐकू जायचं ते हसणं. लान आपल्या हूनानी बोलीत काहीतरी तावातावाने सांगत होती, काकू त्याच बोलीत तिच्याहून मोठ्याने तिला खोडत होती, वाफेत दोघी भाजलेली रताळी सोलत होत्या. लानने कुणाची तरी नक्कल केली, काकूने डोळे पुसले. दीड तास. रोजचे दीड तास ही मुलगी इथे येऊन बोलत होती, आणि उरलेले साडेबावीस तास चारशे बारात मुकी होत होती.

थर्मास भरून पाणी वर आलं, बोटांवर सांडलं, तेव्हा सूछिन भानावर आली. तिची बोटं पोळली, पण ती ओरडली नाही. तीही आता सवयच झाली होती.

बुधवारी दहा वाजता निए मॅडमच्या खोलीत लानची आई बसली होती. रात्रभराच्या गाडीने आलेली, ठेंगणी, लाल हातांची बाई. मांडीवर मोठी पिशवी धरून ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती, जणू कुणी ऊठ म्हणेल तर लगेच उठता यावं. लान खिडकीशी भिंतीला टेकून उभी होती. ती आईकडे बघत नव्हती. टेबलावर एक कागद होता आणि कागदावर पेन.

निए मॅडम वाईट नव्हत्या. दोनशे मुली एकट्या बाईच्या जिवावर, आणि एकीचं काही झालं तर बाकी एकशे नव्व्याण्णव कुणी मोजत नाही. त्या फार मऊ आवाजात बोलल्या. काळजीचं कारण नाही, असं म्हणाल्या, पण मुलीचा स्वभाव एकलकोंडा आहे, ती कुणात मिसळत नाही, प्रश्नावलीतही तसंच आलं आहे, वर्षभर घरी राहिली की बरं वाटेल. मग त्यांनी थोरलीकडे पाहिलं. थोरलीने खाली मान घालून सांगितलं की आम्ही खूप प्रयत्न केले, पण तिला एकटीलाच राहायला आवडतं. दुसरीने तेच सांगितलं, जवळजवळ त्याच शब्दांत.

लानच्या आईने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं.

"एकलकोंडी?" ती म्हणाली. "माझी पोरगी? अहो बाई, हिच्या बडबडीने शेजारीण खिडकी लावून घ्यायची." ती हसायला गेली, पण बाकी कुणी हसलं नाही. मग तिने पिशवी उघडली आणि एकेक करून बरण्या टेबलावर काढल्या. घरी घातलेलं लाल मिरचीचं लोणचं. सहा बरण्या, सहा झाकणांवर सहा चिंध्या बांधलेल्या. "मी घाईत निघाले, तरी आणल्या. खोलीत सहाजणी ना? फोनवर नेहमी सांगते हो ही. म्हणते, आई, माझ्या पाच बहिणी मला इतकं जपतात, तू काळजी करू नकोस. कोण थोरली तुमच्यातली? ही का? बाई, तुझं फार नाव घेते ती."

थोरलीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. लानने तोंड खिडकीकडे फिरवलं. गुणांच्या कागदावर जिला खोटा दहा लिहिता आला नाही, तिने गेले तीन महिने रोज आईशी खोटं बोलून काढले होते.

निए मॅडमनी कागद हळूच पुढे सरकवला. आईने पेन उचललं. तिला कुठे सही करायची ते कळेना, तिने बोट ठेवून विचारलं, इथे? निए मॅडम म्हणाल्या, हो, इथे, आणि सवयीने सूछिनकडे वळून म्हणाल्या, प्रतिनिधीचंही हेच मत आहे ना?

सूछिनची मान डोलायला निघाली होती. चौदा महिन्यांची मान ती, तिला दुसरं येत कुठे होतं? पण तेवढ्यात तिच्या पोळलेल्या बोटांना थोरलीचा हात लागला. थोरलीने तिची बोटं दाबली होती, गप्प राहा म्हणून की आधाराला म्हणून, देव जाणे. दुखलं मात्र सणकून.

"नाही," सूछिन म्हणाली.

तो आवाज इतका मोठा निघाला की तिची तीच दचकली. डोंगरावरून मारायचा आवाज होता तो, आणि उच्चारही गावचेच.

"काकू, सही करू नका. ती एकलकोंडी नाही. आम्ही तिला टाकलीय. सप्टेंबरपासून. तिने गुण खरे दिले म्हणून." तिने फोन काढला, गट उघडला आणि बरण्यांच्या शेजारी ठेवला. "हे बघा मॅडम. 'आपण पाचजणी'. मीही आहे यात. तिने काही विचारलं तर आम्ही उत्तर देत नाही. जेवायला हाक मारत नाही. दोन्ही पिवळे मीच दिले. काल मी तिच्या मागे गेले, बंबखान्यात ती हसत होती. तुम्ही जाऊन तंग काकूंना विचारा."

थोरली पुटपुटली की धाकटीला ताप असेल. निए मॅडमनी हात वर करून तिला थांबवलं. त्या फोन वाचत होत्या, बोटाने वर सरकवत, वर सरकवत, सप्टेंबरपर्यंत. वाचून झाल्यावर त्यांचा मऊ आवाज गेला होता.

"हे तू तक्त्यात का नाही लिहिलंस? तुझं कामच ते होतं."

"तक्त्यात जागा नाही मॅडम," सूछिन म्हणाली. "एकेकीच्या नावापुढेच ठिपका देता येतो. खोलीच्या नावापुढे देता येत नाही."

लानच्या आईने पेन खाली ठेवलं. ठेवलं म्हणजे अगदी सरळ, कागदाच्या कडेला समांतर. मग ती उठली, खिडकीशी गेली आणि लानच्या पाठीवर एक सणसणीत धपाटा मारला. "मला सांगायला काय झालं होतं गं?" एवढंच म्हणाली, आणि लान तिच्या खांद्यात डोकं खुपसून रडली, मोठ्याने, जशी ती हसायची तशीच.

कागद त्या दिवशी राहिला. निए मॅडम स्वतः बंबखान्यात जाऊन आल्या. तंग काकू त्यांना म्हणाली म्हणे, ही बोलत नाही? हिला गप्प करायचा उपाय सापडला तर मला कळवा. लानला दुसरी खोली देऊ केली, ती तिने घेतली नाही. खिडकीची जागा माझी आहे, म्हणाली, मी का सोडू? सूछिनकडून प्रतिनिधीपद काढून घेतलं आणि ते चौथीला दिलं. आईच्या सहा बरण्यांपैकी दोन उघडल्या गेल्या. चार कपाटावर तशाच राहिल्या, झाकणांवरच्या चिंध्यांसकट.

आता तुम्हाला वाटेल, लान आणि सूछिन गळ्यात गळे घालून फिरायला लागल्या. कसलं काय! लानने त्याच संध्याकाळी तिला विचारलं, "दोनदा?" सूछिन म्हणाली, दोनदा. लान नऊ दिवस तिच्याशी बोलली नाही. थोरलीही बोलत नव्हती, दुसरीही, कुणीच नाही. फोनवर 'आपण पाचजणी' शांत झाला. 'आपण चौघी' निघाला असणार, सूछिनने विचारलं नाही. "दुसरी, चौथी, पाचवी, चला," अशी दारातून हाक यायची आणि आता दोन आकडे गळायचे. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात ते काही खोटं नाही. सूछिन एकटी जेवायला शिकली. दुसऱ्या आठवड्यात बाजारातून जाताना आपण पडद्यांच्या दुकानापुढे थांबलो आहोत हे तिच्या लक्षात आलं आणि ती इतकी घाबरली की जवळजवळ पळतच परत आली. एवढ्यात? इतक्या लवकर माणूस तसं होतं?

दहाव्या दिवशी लानने बंबखान्याला निघताना सूछिनचाही थर्मास उचलला.

जानेवारीत सहामाही संपली आणि वागणुकीच्या गुणांचे कागद आले. थोरलीने ते गोळा केले, आणि नियमाप्रमाणे प्रत्येकीच्या हातात तिच्या नावाच्या पाच चिठ्ठ्या दिल्या. सूछिन पलंगावर चढून बसली. पहिली चिठ्ठी: पाच. 'एकलकोंडी, कुणात मिसळत नाही.' दुसरी: पाच. 'एकलकोंडी, कुणात मिसळत नाही.' तिसरी आणि चौथी तशीच, चार हातांची चार अक्षरं आणि ओळ एकच. तिला रडू आलं असतं, पण पाचवी चिठ्ठी उरली होती. ती उघडायला तिला बराच वेळ लागला. दहा नसणार हे तिला माहीत होतं. नऊ असावेत असं मात्र तिला फार, फार वाटत होतं; त्या नवावर तिची सगळी सहामाही टेकली होती.

सात. 'बोलते. फार उशिरा बोलते.'

सूछिनने ते दोनदा वाचलं. मग तिला हसू आलं. आधी ओठ मिटून, आणि मग ओठांना आवरेना तशी ती मोठमोठ्याने हसत सुटली, डोंगरापलीकडे आत्याला ऐकू जावं तशी. थोरलीने मान वर करून पाहिलं. चौथीने फोन काढून तक्ता उघडला, उद्या रविवार होता.

"अगं, इतकं सगळं करून सातच?" सूछिनने पडद्याकडे बघून विचारलं.

पडदा थोडा सरला आणि लानचं डोकं बाहेर आलं.

"सहा होते," ती म्हणाली.